हॅनोव्हरचं घर गळतं, सोलापूरचं तापतं

मे महिन्यात सुट्टी काढून सोलापूरला येणारा माणूस एक तर नवरदेव असतो नाहीतर वेडा, असं आमच्या मावशीचं ठाम मत आहे. मी दुसऱ्या गटातला. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये जुन्या इमारतींचं एनर्जी ऑडिट करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरी करतो. आमचा सीझन हिवाळ्याचा, कारण घरातली ऊब कुठून निसटते ते बाहेर कडाक्याची थंडी असली तरच कॅमेऱ्यात नीट दिसतं. म्हणून सुट्टी मिळते ती ऐन उन्हाळ्यात.

"तिकडं नक्की काय करतोस रे?" हे यंदाही सगळ्यांनी विचारून झालं. लोकांच्या घरात जाऊन ऊब कुठून पळते ते शोधतो, ती अडवायला काय करावं लागेल आणि किती खर्च येईल ते कागदावर मांडून देतो, असं सांगितलं की ४३ डिग्रीत पंख्याखाली बसलेल्या माणसाला हसूच येतं. शेजारचे अण्णा म्हणाले, "ऊब कमी पडत असंल तर इथली घेऊन जा की पोतंभर."

पण जर्मनीत हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७३ च्या तेलसंकटापर्यंत तिथं तेल स्वस्त होतं, घर कसंही बांधलं तरी भागत होतं. भिंतींतून किती उष्णता जाऊ द्यायची याचा पहिला देशव्यापी नियम आला १९७७ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर घाईघाईने उभ्या केलेल्या बहुतेक इमारती त्याच्या आधीच्या. अशा जुन्या भिंतीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर डिग्री फरकाला किती वॅट उष्णता पार होते तो आकडा, सहज १.४ च्या आसपास निघतो. आज तीच भिंत बाहेरून नव्याने करायची झाली तर कायदा ०.२४ मागतो. मधल्या फरकाएवढा गॅस वर्षानुवर्षं रस्ता तापवायला जळतोय.

आमच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे ब्लोअर डोअर टेस्ट. घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवायचा, त्यात एक मोठा पंखा. खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होतो, आणि मग जिथं जिथं फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसायला लागते. आपण हातात धुराची नळी घेऊन घरभर हिंडायचं. खिडक्यांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं, पण खरे चोर वेगळेच. खिडकीच्या वर रोलर शटर गुंडाळायची लाकडी पेटी असते, ती. माळ्यावर जायचं झाकण. भिंतीतला प्लगचा डबा. एका आजीबाईंच्या पलंगाशेजारच्या प्लगमधून एवढी गार हवा येत होती की धूर आडवा उडाला. आजी टोपी घालून झोपायच्या. वयामुळे डोकं गार पडतं, अशी त्यांची समजूत.

जाता जाता एक गंमत. तिथं चिमणी साफ करणारे लोक काळ्या पोशाखात येतात आणि त्यांचं दर्शन शुभ मानतात. यातल्या बऱ्याच जणांनी शिकून आता एनर्जी सल्लागाराचंही काम सुरू केलंय. पिढ्यान् पिढ्या घरोघरी जाऊन भट्ट्या बघणारा माणूस, त्याला त्या घराची सगळी दुखणी तोंडपाठ. आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअरपेक्षा तो कित्येकदा बरोबर सांगतो.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियन गॅस आटला आणि बिलं बघून लोकांचे डोळे पांढरे झाले. जो तो हीट पंपाच्या मागे, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर ओढून घर तापवणाऱ्या यंत्राच्या. जुनी भट्टी काढून असं यंत्र बसवलं तर सरकार काही अटींवर ७० टक्क्यांपर्यंत खर्च उचलतं, भिंती आणि छताच्या कामाला मात्र साधारण १५ ते २० टक्केच. आता माणूस कुठं धावणार? पण गळक्या घराच्या रेडिएटरला ७० डिग्रीचं पाणी लागतं, आणि तेवढं तापवताना हीट पंप वीज खात सुटतो. ५५ च्या खाली भागलं तर तोच पंप सुखाने चालतो. म्हणजे आधी घर आवरा, मग यंत्र घ्या, तेही लहान घ्या. हे दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं आणि दर आठवड्याला कुणीतरी आधीच ॲडव्हान्स देऊन बसलेलं असतं.

आणि घरी आलो तर आप्पा दीड टनी एसी ठरवून बसलेले.

विजापूर रोडवरचं आमचं घर तुमच्यासारखंच. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात. मी आप्पांना म्हटलं, जरा थांबा. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर होताच. दुपारी तीनला गच्चीचा पृष्ठभाग ६० च्या पुढे. रात्री दहाला बेडरूमच्या छताची खालची बाजू ३९, पूर्वेची भिंत ३५. आप्पा स्वतः स्टुलावर चढून पुन्हा मोजून आले. बाहेर वारं सुटलेलं, अंगणात बरं वाटत होतं, आणि आत पंखा त्या छताजवळची तापलेली हवा खाली लोटत होता. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण आडवे झालो की परत करतो. एसी आणला असता तर त्याने रात्रभर माणसाला नव्हे, स्लॅबला गार केलं असतं.

नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू तीनाच्या वर जातो. आपल्याकडे २०१८ च्या 'इको निवास संहिते'त घरांच्या छतासाठी १.२ ही मर्यादा घातली आहे, पण ती नव्या बांधकामासाठी. उभ्या असलेल्या घराला विचारणारं कुणी नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऑडिट आलं तेही मोठ्या कारखान्यांच्या मागे, माझ्या-तुमच्या घराच्या नाही.

हिशेब आप्पांना पटला तो युनिटमध्ये. एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट सहज. आपल्या ग्रिडची वीज अजून बहुतांश कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दहा युनिट म्हणजे एका रात्रीत सात किलो. फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र आहे, त्यामुळे वीज कशातून येते हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय घरातले जुने पंखे ७५ वॅटचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा घेतला तर ३० च्या आसपास. चार पंखे दिवसाला पंधरा तास म्हटले तरी अडीच युनिटच्या वर वाचतात. यात कष्ट काही नाहीत.

गच्चीला चुना, पांढरं सिमेंट आणि फेविकॉल कालवून दोन हात दिले. गवंड्याला यात काही नवल वाटलं नाही, सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या घरांवर तो हे दर उन्हाळ्यात करतो. रात्रीचं छत चार-साडेचार डिग्रीने उतरलं. पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींचे पाहुणे हैदराबादला असतात, त्यांच्याकडून कळलंच असेल, की तेलंगणाने २०२३ मध्ये अशा पांढऱ्या छतांचं सरकारी धोरणच केलं. पुढच्या वर्षी स्लॅबवर इन्सुलेशनच्या शीट टाकून वर चायना मोझॅक करायचा विचार आहे. इन्सुलेशन स्लॅबच्या वरून हवं. आतून पीओपीच्या वर थर्मोकोल चिकटवतात त्याने छत दिसायला छान होतं, पण काँक्रीट तापायचं थांबत नाही.

तरीही जर्मन पद्धत जशीच्या तशी उचलून आणू नये, हेही सांगतो. तिथं भिंतीवर १५-१६ सेंटिमीटरची जाड रजई चढवतात. इथं पश्चिमेच्या भिंतीसमोर बांबूचा पडदा किंवा एक कडुनिंब त्याच्या निम्मं काम फुकटात करतो, आणि रात्री खिडक्या उघडून घर मोकळं करणं आपल्याला परवडतं. तिकडे घर गच्च बंद केलं की कोपऱ्यात बुरशी धरते, म्हणून भर हिवाळ्यात रोज खिडक्या सताड उघडायचं कर्मकांड असतं. आजीच्या बाळीवेशीतल्या माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताच्या घराचं, कौतुकही मला बेताचंच करायचंय. गार होतं खरं, पण दर पावसाळ्याआधी वर माती टाकायला माणूस मिळायचा नाही आणि तुळयांना वाळवी.

खरी गोची वेगळी आहे, आणि ती दोन्हीकडे सारखीच: खर्च कुणी करायचा? भाडेकरूचं बिल वाचणार असेल तर मालक पैसे का घालेल? जर्मनीत मालकाने घर सुधारलं तर खर्चाच्या ८ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाच्या भाड्यात वाढवता येते, त्याला वर मर्यादाही आहे. आणि २०२३ पासून गॅस-तेलावरचा कार्बन कर दोघांत वाटला जातो. घर जितकं वाईट, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी गळक्या घराला ९५ टक्क्यांपर्यंत. तेव्हापासून आमच्या ऑफिसात मालकांचे फोन वाढले.

हे ऐकून समोरच्या अपार्टमेंटमधल्या काकू लगेच म्हणाल्या, "अरे, आमच्या सोसायटीत हे सांगायला येशील का?" त्या चौथ्या मजल्यावर राहतात. टेरेस सगळ्यांची, पण तळमजल्यावाले म्हणतात आम्हाला काय त्याचं, आमचं घर गारच आहे. मी गेलो. वर-खाली दोन्हीकडे थर्मामीटर लावून आकडे दाखवले, चुन्याचा अंदाज दिला, पाण्याच्या टाक्यांखालची गळती आधी बंद करायला सांगितली. सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतलं. तळमजल्यावरच्या आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं की खर्च मजल्याप्रमाणे वाटा. काकूंचं म्हणणं, मग लिफ्टचाही तसाच वाटू या. तिथं मीटिंग अडकली आहे.