पहिल्या प्रश्नाला शून्य

मी वैद्यकीय भाषांतरं करते. संमतीपत्रं, औषधांची माहितीपत्रकं, प्रश्नावल्या. त्या पावसाळ्यात हातात होती ती जीएडी-७ ही चिंताविकार मोजणारी सात प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला ते विचारायचं आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे. एका अभ्यासासाठी आम्ही तिचं साताऱ्याकडच्या खेड्यांत चालेल असं मराठी करत होतो. पहिल्याच प्रश्नात 'अँक्शस' हा शब्द, आणि त्यावरून माझं आणि आमच्या डॉक्टरांचं आठवडाभर वाजलं होतं.

त्यांना 'चिंता' हवा होता. माझं म्हणणं, चिंता डोक्यात असते. संस्कृतात 'चिन्त्' म्हणजे विचार करणं. इंग्रजी शब्द आलाय तो गळ्यातून. लॅटिनमध्ये 'आंगेरे' म्हणजे आवळणं, गळा दाबणं. त्यावरून 'आन्क्सिउस', आणि १७व्या शतकात इंग्रजीत 'अँक्शस'. जर्मन 'आंग्स्ट' त्याच कुळातला. ऋग्वेदातला 'अंहस्'सुद्धा त्यातलाच. अर्थ संकट, पण मुळात अरुंदपणा, कोंडी. मग आपल्याकडे 'जीव घुसमटतो' असताना चिंता कशाला? या युक्तिवादावर मी भलतीच खूश होते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पेशंटला व्युत्पत्ती नसते." आणि फॉर्मवर 'चिंता' छापून आलं.

चाचणीसाठी जावळीतल्या एका डोंगरउतारावरच्या गावात गेलो. देवळाच्या ओवरीत सतरंजी टाकलेली. चौथे आले ते सत्तरीचे एक आजोबा, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"आजोबा, गेल्या दोन आठवड्यांत चिंता वाटली का?"

"कसली वं चिंता? पोरं मार्गी लागली. भात लावून झाला."

शून्य. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. तरी राहवलं नाही. "आणि घुसमटल्यासारखं? गळा आवळल्यासारखं?"

आजोबा थांबले. मग मूठ आवळून छातीच्या मधोमध टेकवली. "हितं. आन् वर गळ्यापातुर. तुमाला कुनी सांगितलं?"

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. शब्द सापडला म्हणून. मी विचारलं, कधी होतं असं?

"वढ्यावरनं वर येताना. जेवून निघालं की जास्तच. जरा टेकलं की जातंय."

शेजारच्या सतरंजीवरचे डॉक्टर उठून आमच्याकडे आले. फॉर्म बाजूला ठेवला, नाडी बघितली, दोनच प्रश्न विचारले आणि आजोबांना आमच्याच गाडीतून साताऱ्याला धाडलं. नातू सोबत गेला. पुढे अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या चोंदलेल्या निघाल्या.

गाडी गेल्यावर ओवरीतच डॉक्टरांनी मला विल्यम हेबर्डन हा इंग्रज डॉक्टर सांगितला. १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे त्याने हेच दुखणं वाचून दाखवलं होतं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येणारं, थांबलं की जाणारं. त्यात गळा आवळल्याची भावना असते आणि 'अँग्झायटी' असते, दोन्ही शब्द त्याने एकाच वाक्यात लिहिले आणि दुखण्याला नाव दिलं अंजायना. लॅटिनमध्ये अंजायना हा घशाचा आजार, आणि तोही 'आंगेरे'च्याच घरातला.

"म्हणजे माझा शब्द बरोबर होता," मी म्हटलं.

"बरोबर होता म्हणूनच नको," ते म्हणाले. "तुमचा शब्द छापला असता, तर या माणसाला आपण तीन गुण देऊन चिंताग्रस्तांत बसवलं असतं. आणि पुढच्याला हाक मारली असती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं बघितलं तर छापलेला प्रश्नही त्यांना शून्य देऊन घरीच पाठवत होता, हे मला परतीच्या एसटीत सुचलं. तेव्हा डॉक्टर झोपले होते.

अंतिम मसुद्यात 'चिंता'च राहिला. आजोबांचा फॉर्म अर्धवट म्हणून बाद झाला. माझ्या फायलीत त्याची प्रत आहे: पहिल्या प्रश्नापुढे शून्य, आणि समासात माझ्या अक्षरात, 'वढा, चढ, जेवून'.