खिळ्यांचा माग

माझे वडील आयुष्यभर हरळी काढत आले. नांगरट झाली की काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या, जाळायच्या, आणि पहिल्या पावसात ती पुन्हा हजर. मी राहुरीहून कृषीची पदवी घेतली आणि पुण्याजवळच्या एका गोल्फ क्लबात ग्रीनकीपर म्हणून लागलो, म्हणजे हरळी वाढवायच्या नोकरीला. आमच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, टिफड्वार्फ आहे. हरळीचीच संकरित बहीण, १९६५ साली अमेरिकेत प्रसारित झालेली. ती आम्ही चार मिलिमीटरवर कापतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पगार वेळेवर देतात ना?"

जुलैतला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मेंबरांची स्पर्धा. पहाटे कप, म्हणजे चेंडू पडायचं भोक, दुसऱ्या जागी हलवायला गेलेल्या माळ्याचा फोन आला, "साहेब, सातव्या होलवर या. कुणीतरी ग्रीनवर कुदळ चालवलीय."

कुदळ नव्हती. खिळे होते, गोल्फच्या बुटांच्या तळव्याला असतात ते, लोखंडी. गेल्या पावसाळ्यात क्लबाने त्यांच्यावर बंदी घातली होती. मी उकिडवा बसलो, काडेपेटीतली काडी काढली आणि एका भोकात घातली. आठेक मिलिमीटर आत गेली. प्लास्टिकच्या स्पाइकचा ठसा असा नसतो. त्याचे पाय कोळ्यासारखे आडवे फाकतात आणि पात्यांवर टेकतात, आत शिरत नाहीत. लोखंडी खिळा सरळ मुळात जातो. माणूस नुसता उभा राहिला तर भोकावर भागतं, पण टाच फिरवली की खिळा गवताचा झुपका वर ओढतो आणि मागे फणी फिरवल्यासारखी रेघ राहते. तिची कड उचललेली असते. चेंडू त्या कडेला लागला की हमखास वाट सोडतो. त्यातून पावसाने ग्रीन आधीच भिजून मऊ, आणि फाटलेल्या मुळांत बुरशीला आयतं दार.

पूर्वी हे जास्त जाचक होतं. चेंडू पडून झालेला खड्डा बुजवायची परवानगी, पण आपल्या वाटेतली खिळ्याची खूण दिसत असूनही हात लावायचा नाही, असा नियम होता. १ जानेवारी २०१९ पासून तो बदलला. आता खूण दाबता येते. पण उद्या नव्वद माणसं खेळणार, तर ती आजच दाबायला हवी आणि ती मलाच दाबायला हवी.

सेक्रेटरी आठला आले. खुणा बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांच्याही मनात एकच नाव. आमचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, पंचाहत्तरीचे. बंदीच्या सभेत त्यांनी अर्धा तास भाषण केलं होतं. टायगर वुड्स कित्येक वर्षं लोखंडी खिळ्यांवर खेळला, त्याला कुणी अडवलं नाही, मग आम्हाला का? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ओल्या उतारावर जोराचा स्विंग घेताना मागचा पाय लोखंडासारखा दुसरं काहीच धरत नाही. प्लास्टिकचे स्पाइक अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइसीत निघाले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही हिवाळ्यात झोपलेलं ग्रीन वाचवायला. म्हणजे ते गवतासाठी काढले, पायासाठी नव्हे. आमच्याकडे काळी माती. चार होल चाललात की त्या प्लास्टिकच्या पायांत ती भरते आणि खाली नुसती सपाट तबकडी उरते.

"आजच नोटीस काढतो," सेक्रेटरी म्हणाले.

मी म्हटलं, तासभर द्या.

मला काहीतरी खटकत होतं. मी पुन्हा ग्रीनवर जाऊन उभा राहिलो. पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायचा हलका फटका, मारणारा जिथे उभा राहील तिथे, चेंडूच्या वाटेच्या शेजारी, एकही भोक नव्हतं. सगळी भोकं जुन्या कपापासून हातभर अंतरावर, दोन्ही पाय जवळजवळ, आणि मग टाचेवर एक गिरकी. तिथून माग थेट ग्रीनच्या मागच्या कडेला, जिथे बॅग ठेवतात तिथे. आता झेंडा होलमध्येच ठेवून पट मारता येतो, पण आमच्या जुन्या मेंबरांना तो कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. हातभर अंतरावर, पाय जुळवून, आणि पट सुटला की झेंडा उचलून बाजूला व्हायचं.

झेंडा मेंबर धरत नाही.

लॉकर रूममध्ये अधिकारीसाहेब बूट घालत होते. तळवे बघितले. नवेकोरे प्लास्टिक. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बंदी मला पटली नाही, पण नियम तो नियम. जुने बूट त्याच आठवड्यात मामाला देऊन टाकले. उत्तम चामडं आहे, दहा वर्षं जातील."

मामा म्हणजे आमचा सगळ्यात जुना कॅडी, खेळणाऱ्याची बॅग वाहणारा. मला पक्कं आठवतंय, त्या क्षणी मला हसू आलं होतं. बंदी पूर्ण पाळली गेली होती आणि खिळे फक्त एका पायातून दुसऱ्या पायात गेले होते. नोटिशीत लिहिलं होतं "सर्व सदस्यांनी". कॅडी सदस्य नाही.

कॅडी शेडमध्ये मामा चहा पीत होते. मी बुटांकडे बघतोय हे कळल्यावर त्यांनी पाय बाकाखाली घेतला.

"मामा, काल सातव्यावर झेंडा तुम्ही धरला होता का?"

"मीच. लागलं का गवताला?"

"लागलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग डाव्या हाताची बाही वर सरकवून मनगट पुढे केलं. हाड जुळलेलं, पण वाकडं. "दोन वर्षांमागं पाचव्याच्या उतारावर रबरी बुटानं घसरलो. बॅग अंगावर. दोन महिने घरी. फेरी नाही तर पैसा नाही, तुम्हाला ठावं आहे. ह्या बुटानं औंदा एकदाबी पाय सुटला नाही, साहेब."

पाचव्याचा उतार मी रोज बघतो. पण गमबुटात, रिकाम्या हातांनी आणि बहुतेक वेळा मोवरच्या गाडीवरून.

सेक्रेटरींना मी सांगितलं की मेंबर नाही, आणि नाव मागू नका, मी बघतो. दिवस त्या ग्रीनवर गेला. उचललेली कड काट्याने सैल करायची, तळहाताने दाबायची, वर चिमूटभर वाळू. चारशेच्या पुढे मी भोकं मोजायचं सोडलं.

रविवारी स्पर्धेत मामा त्याच बुटांत आले. मला घाम फुटला. पहिल्या ग्रीनच्या कडेला त्यांनी बॅग टेकवली, बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी आत गेले. झेंडा धरला, पट झाला, बाहेर आले, पुन्हा बूट. अठराच्या अठरा ग्रीनवर. एक मेंबर कौतुकाने म्हणाले, "बघा, देवळात शिरल्यासारखा जातो! ही खरी निष्ठा." आजूबाजूचे हसले, एकाने फोटो काढला. भिजलेल्या पायांना चार मिलिमीटर हरळीच्या खुंटांवर काय वाटतं ते मला माहीत आहे. मी फोटोच्या चौकटीतून बाजूला झालो.

सोमवारी मैदान बंद असतं. मामांचे बूट घेऊन वर्कशॉपमध्ये बसलो. एका बुटाला अकरा खिळे, गंज चढून आट्यात धरलेले. स्पाइकच्या पान्याची दोन टोकं भोकांत बसेनात. रॉकेल घातलं, अर्धा तास थांबलो, पक्कड लावली. बावीसपैकी अठरा निघाले. राहिलेले चार कानशीने तळव्याबरोबर घासून टाकले. त्या आट्यांत बसणारे प्लास्टिकचे स्पाइक दुकानात मिळाले, पैसे मी दिले. अधिकारीसाहेबांना कळलं तेव्हा ते नाराज झाले, की मला का नाही सांगितलं.

पण उतार तसाच होता. पायऱ्यांसाठी अर्ज केला असता तर तो कमिटीपुढे गेला असता आणि पावसाळा सरला असता. बंकरच्या, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांच्या, कामातून उरलेले दगड पडून होते. दोन माळी, मी आणि एक पहार. दुपारपर्यंत नऊ पायऱ्या बसल्या, वाकड्यातिकड्या. दोन दगडांमध्ये हरळीच्याच काशा खोचल्या, माती धरायला.

संध्याकाळी मामा आले. नव्या तळव्यांनी सावकाश खाली उतरले, तिसऱ्या पायरीवर थांबून टाच आपटून बघितली. ती थोडी हलत होती. मी पहार घेऊन पुढे झालो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आधी बॅग घेऊन बघतो."