किंग्ज क्रॉसच्या मालधक्क्यावरून

लंडनच्या किंग्ज क्रॉसला उतरलात तर वरच्या काचेच्या इमारती जरा वेळाने बघा. आधी पायाखालची जमीन बघा. तिथल्या 67 एकरांच्या जुन्या मालधक्क्यावर आता एक अख्खा नवा पेठवजा भाग उभा आहे आणि त्याचा बराचसा आराखडा जमिनीखालच्या गोष्टींनी ठरवला आहे. आम्ही तो पायी पालथा घातला. तीन तास पुरतात.

सुरुवात दोन स्थानकांपासून करावी. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस एकमेकांना खेटून आहेत, पण त्यांचे फलाट एका पातळीवर नाहीत. कारण आहे रीजंट्स कालवा. रेल्वे यायच्या आधीच, 1820 मध्ये, तो वाहता झाला होता. 1852 मध्ये सुरू झालेल्या किंग्ज क्रॉसचे रूळ कालव्याखालून बोगद्यातून काढले. 1868 च्या सेंट पँक्रसचे रूळ कालव्यावरून पुलाने आणले, म्हणून त्याचे फलाट रस्त्यापेक्षा एक मजला उंच आहेत. खालच्या तळघरात बर्टन या बिअरसाठी प्रसिद्ध गावाहून येणारी पिंपं ठेवत आणि तिथल्या बिडाच्या खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने ठरवलं होतं. मुंबईकराला सेंट पँक्रसचा दर्शनी भाग ओळखीचा वाटेल. आपलं सीएसएमटी त्याच घराण्यातलं आहे.

भुयारी स्थानकातून वर येताना 90 मीटर लांबीच्या दिव्यांच्या भिंतीचा पादचारी बोगदा घ्या. तो पँक्रस स्क्वेअरपाशी बाहेर काढतो. तिथून किंग्ज बुलेव्हार्ड धरून चढ चढलं की कालव्यावरचा पूल आणि पलीकडे ग्रॅनरी स्क्वेअर. वाटेत गूगलची आडवी पसरलेली इमारत लागते. ती 330 मीटर लांब आहे आणि मजले फक्त अकरा. अशा जागी पाइल, म्हणजे पायाचा खोल खांब, कुठे घ्यायचा हे खालचे बोगदे सांगतात. भुयारी रेल्वे, मुख्य मार्गाचे बोगदे आणि 2018 मध्ये वापरात आलेले थेम्सलिंक या लंडन ओलांडून जाणाऱ्या रेल्वेसेवेचे बोगदे याच परिसराखालून जातात.

ग्रॅनरी म्हणजे 1852 चं सहा मजली धान्यकोठार, वास्तुकार लुईस क्यूबिट. लिंकनशरचा गहू रेल्वेने इथे यायचा आणि लंडनच्या भट्ट्यांकडे जायचा. समोरच्या चौकाच्या जागी तेव्हा होड्यांची गोदी होती. तिची आठवण म्हणून आता 1,080 कारंजी फरशीतूनच उडतात. उन्हाळ्यात मुलं बरोबर असतील तर कपड्यांचा एक जोड पिशवीत टाकाच. फरसबंदी नीट न्याहाळा. जुने रूळ आणि वाघिणी वळवायच्या गोल चकत्या तशाच ठेवल्या आहेत. वाघिणी ओढायला घोडे असत.

कामाचा क्रम कसा लावला, ते शिकण्यासारखं आहे. ढोबळ आराखड्याला 2006 मध्ये कॅमडेन कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, मंजुरी मिळाली. त्यात कुठे किती घरं, किती कार्यालयं याची काही प्रमाणात अदलाबदल करायची मुभा होती. मग 2008 ची मंदी आली आणि ही मुभाच कामी आली. रस्ते, चौक आणि नळ आधी झाले, इमारती मागून. गरम पाणी मध्यवर्ती ऊर्जाकेंद्रातून नळांनी घरोघरी येतं, त्यामुळे प्रत्येक इमारतीला वेगळा बॉयलर लागत नाही. हे नळ रस्त्याबरोबरच टाकले नाहीत तर दर नव्या इमारतीला तयार फरशी फोडावी लागते. आपल्याकडे नव्या रस्त्याचं पुढे काय होतं हे पाहिलेल्याला यातलं मोल वेगळं सांगायला नको. ग्रॅनरीत 2011 मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय आलं. भाडेकरू शोधायच्या काळात चौकात विद्यार्थ्यांची वर्दळ आयती मिळाली.

कोल ड्रॉप्स यार्डवर सर्वांत जास्त वेळ द्या. कोळशाच्या वाघिणी वरच्या मजल्यावर यायच्या, तळाची झडप उघडली की कोळसा खाली पडायचा, तिथे पोत्यांत भरून गाडीवर चढायचा. एकमेकींसमोरच्या अशा दोन लांब विटांच्या इमारतींमध्ये 2018 पासून दुकानं आहेत. हेदरविक स्टुडिओ या वास्तुरचना संस्थेने त्यांची छपरं मधोमध वाकवून एकमेकांना टेकवली आणि त्याखाली नवा मजला घातला. जुन्या विटांना हे वजन झेपलं नसतं, म्हणून नव्या मजल्याचा भार वेगळे पोलादी खांब घेतात. ते शोधून बघा, जुन्या बांधकामातून अलगद वर गेलेले आहेत. दुकानं मात्र अपेक्षेइतकी चालली नाहीत. जागा स्थानकाच्या थेट वाटेवर नाही, मुद्दाम वळून यावं लागतं.

पश्चिमेला गॅसच्या टाक्यांचे गोल सांगाडे दिसतील. फ्रान्सकडे समुद्राखालून जाणाऱ्या चॅनेल टनेलच्या रेल्वेमार्गासाठी ते उतरवावे लागले. पुढे यॉर्कशरला नेऊन दुरुस्त केले आणि कालव्याच्या उत्तरेला पुन्हा उभारले. एकमेकांत गुंतलेल्या तीन सांगाड्यांचे 123 खांब आहेत. आत 145 घरं आहेत, पण त्यांचा भार या बिडावर नाही. तिन्ही गोल इमारतींची उंची वेगवेगळी आहे, कारण टाकीतल्या गॅसप्रमाणे तिचा घंटेसारखा वरचा भाग वरखाली होत असे, त्याची ही आठवण.

खटकणारंही सांगायला हवं. चौक सगळ्यांना खुले असले तरी मालकी खासगी आहे. इथल्या कॅमेऱ्यांत चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं आणि गदारोळानंतर ती योजना सोडून द्यावी लागली. परवडणाऱ्या घरांचा ठरलेला आकडाही 2015 मध्ये खाली आणला गेला. चौक कितीही देखणा असला तरी आम्हाला ही उणीव मोठी वाटते.

शेवटी गॅसहोल्डर पार्कजवळचा 38 मीटरचा सॉमर्स टाउन पूल ओलांडा. पलीकडे कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क आहे. हाही कोळशाचाच धक्का होता, दोन एकरांचा. तिथे बसगाड्या उभ्या करायचा बेत होता. स्थानिक लोकांनी तो हाणून पाडला आणि 1985 मध्ये, नव्या पेठेची मंजुरी यायच्या वीसेक वर्षं आधी, तिथे तळं आणि झाडी उभी राहिली.