डेट्रॉईटला काय पाहायचे?

पुण्याहून आमच्याकडे येणारा पाहुणा झोपेची घडी नीट बसली की हमखास विचारतो, ‘शिकागो साडेचार तासांवर असताना तुम्ही आम्हाला डेट्रॉईटमध्ये काय म्हणून फिरवता?’ आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. गेल्या महिन्यात मात्र एकाने जेवता जेवता समोरच्या भिंतीवरच्या छायाचित्राकडे बोट दाखवून हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला: ‘लोकांची पडझड पाहण्यात तुम्हाला कसली मजा वाटते?’ तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझी बाजू मांडतो. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेल्या, मोटारउद्योगाच्या या अमेरिकी शहरात २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार माणसे उरली, हे खरे. पण म्हणून तेथे पाहण्यासारखे काही उरले नाही, असे होत नाही. येथील कलासंग्रहालयात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने १९३२-३३ मध्ये रंगवलेली २७ भित्तिचित्रे आहेत. ज्यांचे आयुष्य चाकण-पिंपरीच्या शॉपफ्लोअरवर गेले, ते माझे पाहुणे पंधरा मिनिटांसाठी आत शिरतात आणि तासभर हलत नाहीत, कारण त्या चित्रांतली फोर्डच्या रूज कारखान्यातील फाउंड्री आणि इंजिनाची जुळणी त्यांना सांगावी लागत नाही. २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांपायी शहराने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा या संग्रहालयातील कलाकृती विकून पैसे वसूल करावेत, असा घेणेकऱ्यांचा आग्रह होता. देणगीदार संस्थांनी आणि राज्य सरकारने पैसा उभा केला, चित्रे वाचली. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला मात्र तरीही कात्री लागली.

पण तुमचा प्रश्न चित्रांविषयी नसतो, हे मला कळते.

२०११ च्या जुलैत नवा कॅमेरा घेऊन मी शहराच्या पूर्व भागातील एका गल्लीत गेलो होतो. बहुतेक प्लॉट रिकामे होते. एका जळक्या घराचे छप्पर खाली आलेले होते आणि भिंत फोडून तांब्याचे पाइप कोणीतरी उपसून नेले होते. मला हवे तेच दृश्य समोर होते. खटकत होते ते फक्त पुढचे गवत, कारण ते व्यवस्थित कापलेले होते. मी कॅमेरा थोडा वर उचलून ते चौकटीबाहेर ठेवले. एवढ्यात शेजारच्या पांढऱ्या घरातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, ‘तुम्ही महापालिकेकडून आलात का?’ ते घर पाडावे म्हणून त्या तीन वर्षे तक्रारी करत होत्या आणि तोवर त्याच्यापुढचे गवतही त्याच कापत होत्या. मी नुसते फोटो काढतो आहे, असे सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मग माझ्याही घराचा काढा.’ मी काढला. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, केसांवरून हात फिरवला. महिन्याभराने कार्डावर जागा हवी होती, म्हणून मी तो फोटो पुसून टाकला. जळक्या घराचा फोटो तेवढा चौकटीत जाऊन आमच्या जेवणघरात लागला.

त्या वेळचा मी आजही माझ्याशी हुज्जत घालतो, की पडझड कोणी दाखवलीच नाही, तर तिची दखल कोण घेणार? यात तथ्य नाही, असे मला म्हणता येत नाही. पण दखल घ्यायची होती, तर गवत का वगळले, याला त्याच्याकडे उत्तर नाही. आणखी एक कबुली देतो. १९८८ पासून ओस पडलेले येथील मिशिगन सेंट्रल रेल्वे स्टेशन २०१८ मध्ये फोर्डने विकत घेतले, तेव्हा मी मनातून हिरमुसलो होतो. जून २०२४ मध्ये ते पुन्हा उघडल्यावर आता पाहुण्यांना तेथे नेतो आणि प्रतीक्षालयाच्या कमानींखाली उभे राहून असे बोलतो, जणू त्यासाठी मीच खपलो होतो.

प्रश्न विचारणारे पाहुणे परतल्यावर मी त्या गल्लीत जाऊन आलो. जळके घर गेले आहे. पांढरे घर उभे आहे, दारात कोणाची तरी लहान सायकल होती. त्या बाई अजून तेथेच राहतात का, हे विचारायला मी गाडीतून उतरलो नाही.