बहिरमची यात्रा, मामाची बंडी आणि हर्शीचा लाकडी कोस्टर

ह्या वेळी बहिरमच्या यात्रेला बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं गेलो. अमरावती जिल्ह्यात परतवाड्यावरून बैतूलकडे जो रस्ता जातो त्याच्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम आहे, वीस डिसेंबरला यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते, आणि आजकाल सगळे जण मोटरसायकल, एसटी, नाहीतर टाटा मॅजिकमध्ये कोंबून जातात. पण मामा म्हणाले बंडीनंच जायचं, त्यांच्या लहानपणी सगळं गाव असंच जायचं, रोडग्याचं पीठ, गोवऱ्या, पाण्याचा माठ सगळं बंडीत टाकून. गाव चांदूर बाजार तालुक्यातलंच, अंतर काही फार नाही, म्हणून मीही हो म्हटलं.

पहाटे निघालो. दोन्ही बाजूला संत्र्याचे बगीचे, मधे मधे तूर उभी, थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघून राह्यली होती. मामीनं खाली कडब्याच्या पेंढ्या टाकून वरून वाकळ अंथरली होती, माझी पुतणी तिच्यात गुंडाळून झोपली होती, आणि मी बरोबर मधोमध, चाकांच्या वर ऐसपैस बसलो.

मामा सुतार आहेत. आता वय झालं, पण एकेकाळी आजूबाजूच्या गावातल्या बंड्यांची चाकं त्यांच्याच हातची असायची. ही बंडी पण त्यांचीच, बाभळीची चाकं, वर लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी. टायरची बंडी घ्या म्हणून मुलानं किती वेळा सांगितलं, ऐकत नाहीत. धाव चढवताना मी लहानपणी पाह्यलंय, अजून डोळ्यासमोर आहे. गोवऱ्यांचं मोठं रिंगण पेटवायचं, त्यात धाव लाल होऊ द्यायची, मग चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची, लाकूड धुपायला लागतं, धूर निघतो, आणि त्याच क्षणी घमेल्यांनी पाणी ओतायचं. धाव आवळते आणि चाकाचे आरे मधल्या तुंब्यात बसताना कडकड आवाज येतो, एकेक सांधा घट्ट होताना ऐकू येतो. मामा त्या आवाजावरून सांगायचे चाक जमलं की नाही.

पक्का रस्ता सोडून पांदणीला लागलो तसे दणके सुरू झाले. मी प्रत्येक खड्ड्याला उडून राह्यलो होतो. मामा मागं वळून म्हणाले, "काहून गा, आसावर काहून बसला तू? इकडं समोर सरक." मी समोर सरकलो, जुवाच्या बाजूला, आणि खरंच दणका निम्मा झाला. खड्डा तोच, बंडी तीच. चाक उचललं गेलं की आसावरचा, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा माणूस पूर्ण उचलला जातो, पण बंडीचं समोरचं टोक बैलांच्या मानेवर असते, ते हलत नाही, म्हणून जितकं समोर तितका झटका कमी.

हे ऐकून मला एकदम हर्शी आठवलं. मामांना सांगायला सुरुवात केली आणि बहिरम येईपर्यंत आमचा तोच विषय चालला, म्हणून इथे पण तेच लिहून राह्यलो.

माझा मोठा भाऊ अमेरिकेत पेन्सिल्वेनियात राहतो, हॅरिसबर्गजवळ. तिथून हर्शी जवळ आहे, चॉकलेटवालं गाव, आणि तिथे हर्शीपार्क नावाचं मोठं पार्क आहे. मला लाकडी रोलर कोस्टरचं वेड आहे. आपल्याकडे खोपोलीला इमॅजिकात नायट्रो आहे तो पूर्ण स्टीलचा, मस्तच आहे, पण लाकडाची गोष्टच वेगळी. पूर्ण सांगाडा लाकडाचा, रूळसुद्धा लाकडाच्या फळ्यांचे सात-आठ थर एकावर एक ठोकून केलेला आणि वरून फक्त लोखंडाची पट्टी. गाडी जाते तेव्हा पूर्ण सांगाडा हलतो, आणि तो हलायलाच पाहिजे तसा बांधलेला असतो. हे ऐकून मामा थांबले. "लाकडावर गाडी पयवतात? मंग जोड ढिले नाई होत काय?" म्हटलं होतात ना मामा, म्हणून रोज सकाळी माणूस पूर्ण रूळ चालत तपासतो, आणि हिवाळ्यात पार्क बंद असलं की खराब तुकडे काढून नव्या फळ्या ठोकतात.

हर्शीपार्कची मजा अशी की तिथे एकाच दिवसात जुनी गाडी पण अनुभवता येते आणि नवी पण. जुनी म्हणजे कॉमेट, १९४६ साली बांधलेला, ८४ फूट उंच. त्याची गाडी फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीची, चार डबे, प्रत्येक डब्यात तीन बाकं, बाकावर दोघं, म्हणजे एका गाडीत २४ माणसं. डब्याला चार चाकं, पुढच्या बाकाखाली एक आस आणि मागच्या बाकाखाली दुसरी. ह्या कोस्टरचे शौकीन लोक म्हणतात ना 'व्हील सीट', म्हणजे चाकावरचं बाक टाळा, ते ह्याच्यासाठीच. मधल्या बाकावर बसलं की दोन्ही आसांच्या मधे, मामांच्या भाषेत समोर सरकल्यासारखं. कॉमेटवर मी मागच्या बाकावर पण बसलो आणि मधल्या पण, फरक पाठीला कळतो.

नवी म्हणजे लायटनिंग रेसर, २०००चा. दोन रूळ शेजारी शेजारी, एक गाडी थंडर, एक लायटनिंग, दोघींची शर्यत लागते, ९० फुटावरून ताशी ८० किलोमीटरच्या वर. ह्या गाड्यांचं नाव मिलेनियम फ्लायर, ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल म्हणून कंपनी आहे तिनं काढलेल्या. ह्याच्यातपण माणसं २४च बसतात. पण चार डब्यांच्या जागी बारा डबे, आणि प्रत्येक डब्यात एकच बाक, दोनच माणसं. फक्त सगळ्यात पुढच्या डब्याला चार चाकं, बाकी प्रत्येक डब्याला एकच आस, तो पुढच्याला जोडलेला आणि त्याच्या मागं ओढला जातो.

मामांनी बैल थांबवले. खरंच थांबवले, कासरा ओढून. म्हणाले, "म्हंजे बंड्याच जुपल्या म्हन ना एकामागं एक!"

मी इतके दिवस ह्या गाड्यांबद्दल वाचतो, व्हिडिओ पाहतो, पण इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मामाच मला समजावून सांगायला लागले. "चार चाकाची बंडी पाह्यली काय तू कुठं? पांदणीत वयनच नाही ती. समोरची आस एकीकडं पाह्यते, मागची दुसरीकडं, मंग चाक फरकटते, मातीले बी खाते अन् आसाले बी खाते. दोन चाकाची जिकडं ओढली तिकडं वयते." आणि लाकडी रुळावर अगदी हेच होतं. तीन बाकांचा लांब डबा वळणावर गेला की त्याच्या दोन आसा ताठ फ्रेममधे अडकलेल्या, दोन्ही एका वेळी वळणाला बरोबर लागू शकत नाहीत. मग डबा डावीकडून उजवीकडे आदळत जातो, चाकं रुळाच्या कडेला घासतात. बसणाऱ्याला वाटतं रूळ खराब आहे, पण रूळ खराब करतेय ती गाडी. एकदा रूळ कुरतडला की पुढची गाडी तिथेच अजून जोरात आदळते, आणि असं वाढतच जातं. एका आसाचा डबा प्रत्येक वेळी वळणाप्रमाणे आपोआप फिरतो, म्हणून माणसाची पाठपण वाचते आणि लाकूडपण.

हर्शीला आई पण होती आमच्यासोबत. तिच्या कमरेचं दुखणं जुनं, कॉमेटवर तिला मी बसू दिलं नाही, पण लायटनिंग रेसरवर ती स्वतःहून बसते म्हणाली. गादी अंगाला बरोबर बसणारी, आणि मांडीवरचा बार प्रत्येकाला वेगळा, शेजारच्याचं पोट मोठं असलं तर आपला बार वर राहणार असं नाही. उतरल्यावर तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, हात वर करून ओरडली होती ती, आमच्या घरात कोणीच तिला असं ओरडताना ऐकलेलं नव्हतं. आराम आराम म्हणतात तो मला ह्याच्यासाठी हवा आहे. वेग कमी करा, उतार कमी करा असं कोणी म्हणत नाही. दणका काढा फक्त, म्हणजे साठीच्या बाईला पण ती उडण्याची मजा घेता येईल.

मामांना एक गोष्ट पटत नव्हती, चढाच्या माथ्यावरून गाडी उडत काहून नाही. त्यांना चाकांचं सांगितलं. आपण एक चाक म्हणतो तिथे खरं तर तीन असतात, एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला, आणि एक रुळाच्या खालून. हे खालचं चाक जॉन मिलर नावाच्या माणसानं आणलं, १९१९चं पेटंट आहे, आणि त्याच्यानंतरच कोस्टरचे उतार इतके सरळ खाली पडायला लागले, कारण गाडी आता वर सुटूच शकत नाही. मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हुशार माणूस होता बाप्पा."

आता एक खरं सांगायला पाहिजे. नवी गाडी आणली म्हणजे सगळं झालं असं नाही. हर्शीपार्कातच वाइल्डकॅट होता, १९९६चा, ह्याच कंपनीचा पहिला कोस्टर. तो जुन्या पद्धतीच्या गाड्यांवर सुरू झाला, नंतर २००६ला त्याला मिलेनियम फ्लायर लावल्या. तरी शेवटी २०२२ला तो बंद केला आणि लाकडी सांगाड्यावर स्टीलचा रूळ टाकून २०२३ला वाइल्डकॅट्स रिव्हेंज नावानं काढला. फ्लोरिडात टँपाला बुश गार्डन्समध्ये ग्वाझी होता, १९९९चा, त्याला पण २०११मधे नव्या गाड्या आल्या, २०१५ला बंद, आणि २०२२ला आयर्न ग्वाझी म्हणून स्टीलचा रूळ. मामांचं म्हणणं साधं होतं, "चाक नवं अन् पांदण तेच, तं काय होईन?" बरोबरच आहे. रूळ आधीच खाल्लेला असला तर नवी गाडी त्याच खड्ड्यांतून जाते, थोडी हळुवार जाते इतकंच. दोन्ही सोबत करायला पाहिजे, फळ्या बदला आणि गाडी पण बदला, आणि ते लवकर करा, लोक 'डोकं दुखतं' म्हणून लाईन सोडायला लागायच्या आधी. स्टीलचा रूळ टाकलेले कोस्टर भारी असतात हे मी मान्य करतो, उलटेपण फिरवतात, पण लाकडाच्या रुळाचा जो खडखडाट आणि ती हलकी थरथर असते ती गेली की गेली. मला ती राहायला पाहिजे.

आणि ह्याच्या उलट उदाहरण पण पेन्सिल्वेनियातच आहे. क्नोबेल्स म्हणून पार्क आहे एलिसबर्गला, झाडीत, आत जायला तिकीटच नाही, जे बसाल त्याचे पैसे. तिथे फिनिक्स नावाचा कोस्टर आहे. तो मुळात १९४७ला टेक्सासमधे सॅन अँटोनिओला बांधला होता, ते पार्क बंद पडलं, आणि ह्या लोकांनी तो पूर्ण सुटा करून इकडे आणला आणि १९८५ला परत उभा केला. एवढा लाकडाचा पसारा, एकेका तुकड्याला खुणा करून! हे सांगितल्यावर मामांचे डोळे चमकले, कारण त्यांनी स्वतः एक जुना वाडा असाच उतरवून दुसऱ्या गावात उभा केला होता. फिनिक्सची गाडी जुनीच, तीन बाकांची, दोघात मिळून एकच बार आणि तो पण एकाच जागी अडकणारा, मांडी आणि बारामधे जागा राहते म्हणून प्रत्येक टेकाडावर माणूस सीटवरून पूर्ण उचलला जातो. तरी दणके नाहीत. कारण रूळ जीवापाड सांभाळलेला, आणि वळणं कमी, सगळा जोर सरळ टेकाडांवर. तिथे कोणी नवी गाडी आणायला निघालं तर मी विरोध करीन. जिथे वळणंच वळणं आहेत तिथे मात्र एका बाकाचेच डबे पाहिजेत, ह्याच्यावर मी ठाम आहे.

बहिरमला पोचलो तोवर ऊन चढलं होतं. टेकडीवर जाऊन दर्शन घेतलं, खाली येऊन मामीनं गोवऱ्या पेटवल्या, रोडगे टाकले, आणि मामा हंडीचं मटण आणायला गेले. इथली मातीच्या हंडीतली भाजी खाल्ली नाही तर यात्रा केली असं कोणी मानत नाही. तिखट असं की कानातून धूर निघतो.

जेवून झाल्यावर पुतणीनं पाळण्यांकडे ओढत नेलं. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआं, आणि एक ड्रॅगन ट्रेन, लहान लोखंडी रुळावर गोल फिरणारी, दोन-दोन पोरांचे डबे. मामा तिकीट काढायच्या आधी वाकून खालीच बघायला लागले. पाळण्यावाल्या पोराला वाटलं आजोबांचं काही पडलं. मामांनी दोन डब्यांच्या मधला जोड हातानं हलवून दाखवला, पिन भोकात मोकळी खुळखुळत होती. "हे पाय, डबा इथं झटका मारते, पोट्ट्यायची मान हालते. वॉशर टाक." पोरगा चांगला होता, चिडला नाही, पेटीतून जाड वॉशर काढला, दोन्ही बाजूनं टाकला, जोडावर ग्रीस भरलं, आणि मामांनी परत हलवून पाह्यल्यावरच त्याला पैसे दिले. पुतणी फिरून आली आणि म्हणाली अजून एकदा, मग ती आणि मामा दोघंही बसले.

कोणाला बहिरमला जायचं असेल तर परतवाड्याहून यात्रेच्या दिवसात गाड्या मिळतात, रविवारी तुफान गर्दी असते, मधल्या वारी गेलेलं बरं. बंडीनं जाणार असाल तर समोर बसा.