संघाचे कर्ज बुडाले, देशाचे राहिले

ग्रीसमध्ये अथेन्सला लागून असलेल्या पिरेयसच्या बंदरालगतच्या आक्ती मियाउली या रस्त्यावर जहाज कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि जहाजावरची नोकरी सोडून किनाऱ्यावर स्थिरावलेले आपल्याकडचे अभियंते त्यांतल्या काही कार्यालयांत हमखास भेटतात. मी त्यांच्यापैकीच एक. येथे नव्याने आलेल्या माणसाला दोन विषयांवर मत असावेच लागते : तुमचा फुटबॉल संघ कोणता, आणि 2010 पासून ग्रीसवर जे संकट कोसळले त्याला जबाबदार कोण. हे दोन वेगळे विषय आहेत अशी माझी सुरुवातीला समजूत होती. आता मात्र एखादा ग्रीक माणूस कोणत्या संघाचा आहे हे कळले, की देशाच्या कर्जाविषयी तो कोणत्या बाजूने बोलेल याचा अंदाज मी बांधू शकतो, आणि तो बहुधा चुकत नाही.

यासाठी संघांची कुळकथा थोडी सांगायला हवी. ऑलिंपियाकोस हा 1925 मध्ये पिरेयसमध्ये स्थापन झालेला, बंदरावरच्या कष्टकऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा लाल-पांढरा संघ. पानाथिनाइकोस हा 1908 पासूनचा, हिरव्या तिपानी चिन्हाचा, अथेन्सच्या सुखवस्तू घरांचा म्हणून हिणवला जाणारा संघ. 1971 मध्ये तो युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि वेम्ब्लीवर आयाक्सकडून 2-0 असा हरला, हे त्याचे पाठीराखे आजही जिंकल्याच्या थाटात सांगतात. आएक आणि पाओक या दोघांचे मूळ मात्र निर्वासितांमध्ये आहे. आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ग्रीसचा तुर्कांकडून पराभव झाल्यानंतर 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीत सुमारे 12 लाख लोक ग्रीसमध्ये आले. कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, सोडून आलेल्यांनी 1924 मध्ये अथेन्समध्ये आएक काढला, तर थेसालोनिकीत त्याच मुळाचा पाओक 1926 मध्ये उभा राहिला. दोन्ही संघांच्या चिन्हावर बायझंटाइन साम्राज्याचा दोन डोक्यांचा गरुड आहे. पाओकच्या गरुडाचे पंख मिटलेले आहेत, कारण तो शोकातला गरुड आहे. मी मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की गावाचे काय होते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ईर्ष्या म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्या ईर्ष्येत राष्ट्राचा ताळेबंद कसा शिरतो, एवढेच शिकायचे राहिले होते.

ते शिक्षण कार्यालयामागच्या एका काफेनिओत, म्हणजे जुन्या वळणाच्या कॉफीच्या दुकानात, झाले. तेथे बसणाऱ्यांपैकी एक गृहस्थ बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, अर्थात ऑलिंपियाकोसचे. दुसऱ्यांचे विजेच्या सामानाचे दुकान होते, ते संकटाच्या काळात बंद पडले. त्यांची आजी कॉन्स्टॅन्टिनोपलहून आलेली, त्यामुळे आएकखेरीज दुसरा विचार त्यांच्या घरात कोणी केला नाही. तिसरे थेसालोनिकीचे, जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून हयात घालवलेले आणि पाओकचे. या तिघांत माझ्याच कार्यालयातला तरुण हिशेबनीस बसतो, तो पानाथिनाइकोसचा. माझी ग्रीक अजूनही कामापुरतीच असल्याने अवघड वाक्ये तोच मला इंग्रजीत सांगतो, आणि सांगताना आपल्या सोयीने थोडी वळवतो, असा इतर तिघांचा आरोप आहे.

येथे कॉफीबरोबर पावतीही येते, ती गुंडाळून एका छोट्या पेल्यात खोचलेली असते, आणि कायदेशीर पावती न मिळाल्यास ग्राहकाने पैसे देण्याचे बंधन नाही, अशी सूचना भिंतीवर लावलेली असते. ही सूचना देशभरातल्या दुकानांत दिसते. करबुडवेगिरीवरचा तो एक उपाय आहे. क्रेनवाले काका ती सूचना दाखवून म्हणतात, की हीच पाटी मोठ्या अक्षरांत आएकच्या मैदानाबाहेर लावायला हवी होती. येथूनच रोजच्या वादाला तोंड फुटते.

आएकचे काय झाले ते असे. ग्रीसमध्ये मोठ्या क्लबचे दोन भाग असतात : मूळ क्रीडासंस्था, जिच्याकडे नाव, रंग आणि चिन्ह असते, आणि व्यावसायिक फुटबॉल चालवणारी वेगळी कंपनी. आएकची कंपनी कर्जात बुडाली होती. त्यात सरकारचा थकलेला करही होता आणि खेळाडूंचे पगारही. 2013 मध्ये संघ इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीतून घसरला, तेव्हा कंपनीने हात वर केले, दिवाळे काढले आणि मूळ संस्थेने नव्याने सुरुवात करायची म्हणून संघ थेट तिसऱ्या श्रेणीत नेला. ज्या संघाने युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांना तोंड दिले होते, तो खेड्यापाड्यांच्या मैदानांवर खेळू लागला. दोन हंगामांत तो वर आला, 2016 मध्ये अंतिम सामन्यात ऑलिंपियाकोसलाच हरवून त्याने ग्रीक चषक जिंकला आणि 2018 मध्ये 24 वर्षांनी तो देशाचा विजेता ठरला. दुकानदार गृहस्थ तिसऱ्या श्रेणीतल्या एका सामन्याचे तिकीट अजून पाकिटात बाळगतात. घडीवर फाटलेले ते तिकीट चिकटपट्टीने जोडलेले आहे, आणि वाद रंगात आला की ते टेबलावर पडते.

त्यांचे म्हणणे सरळ आहे. संघाने मान खाली घातली, तळाशी गेला, कर्जातून सुटला आणि वर आला. देशानेही 2010 मध्ये हेच करायला हवे होते. त्याऐवजी ऑक्टोबर 2009 मध्ये सरकारी तुटीचा खरा आकडा बाहेर आल्यावर, 23 एप्रिल 2010 रोजी पंतप्रधान पापांद्रेऊ यांनी कास्टेलोरिझो या दूरच्या बेटावरून युरोपकडे आणि नाणेनिधीकडे मदतीची याचना केली, आणि मे महिन्यात 110 अब्ज युरोंचे पहिले कर्ज आले. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घ्यायचे आणि त्यासाठी घरच्यांच्या पोटाला चिमटा घ्यायचा, असा तो प्रकार होता. फेब्रुवारी 2012 मध्ये किमान मासिक वेतन 751 युरोंवरून 586 युरोंवर आणले गेले, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी ते त्याहूनही कमी ठेवले गेले. 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर गेली. दुकानदारांची विक्री थांबली ती याच काळात, कारण घराची डागडुजीच कोणी करीनासे झाले.

क्रेनवाल्या काकांना हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. आएकने जे बुडवले ते सरकारचे, म्हणजे आमचे बुडवले, असे ते म्हणतात. आमच्या निवृत्तिवेतनातून कापलेल्या पैशावर तुमचा गरुड उडाला. 2015 च्या जून महिन्याच्या शेवटी बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला 60 युरोंहून अधिक काढता येईनात, तेव्हा ज्यांच्याकडे कार्ड नव्हते अशा वृद्धांसाठी काही शाखा उघडून 120 युरो दिले जात होते; काका त्या रांगेत उन्हात उभे होते. 5 जुलैच्या सार्वमतात 61 टक्के लोकांनी धनकोंच्या अटींना नकार दिला आणि आठवडाभरात सरकारने जवळपास तशाच अटी मान्य केल्या. दुकानदारांनी नकाराचे मत दिले होते, काकांनी होकाराचे, आणि निकालाचा उपयोग दोघांनाही झाला नाही, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.

मला स्वतःला दुकानदारांचे उदाहरण आकर्षक वाटते, पण ते एका ठिकाणी लंगडे पडते. क्लबची कंपनी बुडाली तरी मूळ संस्था शिल्लक राहते आणि ती नवी कंपनी काढू शकते; देशामागे अशी कोणतीही संस्था उभी नसते. शिवाय 2012 मध्ये सरकारी रोख्यांच्या दर्शनी किमतीतील निम्म्याहून अधिक रक्कम खरोखरच कापली गेली, तेव्हा त्या रोख्यांत ग्रीक निवृत्तिवेतन निधींचाही पैसा अडकलेला होता. म्हणजे परक्या सावकाराला बुडवायला जावे आणि आपल्याच आजोबांचा खिसा कापला जावा, तसे झाले. हिशेबनीस मित्र हे आकड्यांनिशी मांडतो तेव्हा दुकानदार ऐकून घेतात आणि मग त्याला विचारतात, की तुमच्या पानाथिनाइकोसचे गुण पगार थकवल्याबद्दल कापले गेले होते की नाही. त्यावर त्याच्याकडे उत्तर नसते.

बोसन फार बोलत नाहीत, पण बोलले की तोडून बोलतात. त्यांच्या मते कर्ज अथेन्सने केले आणि फेडले साऱ्या देशाने. विजेतेपदेही अथेन्स आणि पिरेयसने आपसांत वाटून घेतली, उत्तरेला पंचांच्या शिट्ट्या तेवढ्या मिळाल्या. मार्च 2018 मध्ये पाओकच्या मैदानावर एक गोल नाकारला गेला तेव्हा संघाचा मालक कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरला आणि सरकारला स्पर्धा थांबवावी लागली, याचा विषय काढला की ते खिडकीबाहेर पाहतात. पुढच्याच हंगामात पाओक एकही सामना न हरता विजेता झाला, एवढे मात्र ते आवर्जून सांगतात. मोठ्या सामन्यांना आता परदेशी पंच बोलावतात. आपल्या माणसावर आपलाच विश्वास उरला नाही म्हणून शिट्टी वाजवायला बाहेरचा, आणि तिजोरी मोजायलाही बाहेरचा, असे बोसन म्हणतात. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे तपासनीस, म्हणजे येथे सगळे ज्यांना 'त्रोइका' म्हणत, ते अथेन्सच्या मंत्रालयांत येऊन वह्या तपासत असत, त्याला हा टोला असतो.

चौघांना एका बाकावर बसवणारी आठवण राष्ट्रीय संघाची. 2004 मध्ये ग्रीसने लिस्बनमध्ये पोर्तुगालला 1-0 असे हरवून युरोपीय अजिंक्यपद मिळवले, आणि पुढच्याच महिन्यात अथेन्समध्ये ऑलिंपिक भरले. ऋण काढून केलेल्या सणाचा तो उन्हाळा होता, आणि विजेत्या संघाचा प्रशिक्षक ओटो रेहागेल हा जर्मन होता, हे आठवून आता सगळेच हसतात. 2012 चा जून त्यांना अधिक लागलेला आहे. 16 जूनला कारागुनिसच्या गोलवर रशियाला हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला, 17 जूनला युरोत राहायचे की नाही अशा भीतीच्या छायेत निवडणूक झाली आणि 22 जूनला ग्दान्स्कमध्ये समोर जर्मनी आला. प्रेक्षकांत चॅन्सलर मर्केल बसल्या होत्या. सामारासने बरोबरी साधली तेव्हा याच काफेनिओत खुर्च्या उलटल्या होत्या म्हणे. ती बरोबरी सहा मिनिटे टिकली आणि सामना जर्मनीने 4-2 असा जिंकला.

हे सारे वाद काफेनिओतच होतात, कारण मैदानावर ते होऊच शकत नाहीत. बहुतेक मोठ्या सामन्यांना पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना गेली कित्येक वर्षे प्रवेशच दिला जात नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये थेसालोनिकीत एका 19 वर्षांच्या मुलाला रस्त्यात गाठून तू कोणत्या संघाचा, असे विचारले गेले. त्याने आरिस या पाओकच्या गावातल्याच प्रतिस्पर्धी संघाचे नाव घेतले आणि त्याचा खून झाला. डिसेंबर 2023 मध्ये पिरेयसजवळ व्हॉलीबॉलच्या सामन्याबाहेर एका पोलिसावर पेटती नळी झाडली गेली व तो पुढे मरण पावला. त्या हल्ल्यानंतर दोन महिने पहिल्या श्रेणीचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले. हा विषय निघाला की टेबलावरचे आवाज उतरतात आणि कोणीही कोणाच्या संघाचे नाव घेत नाही. बेकारीने पोरे बिघडली, हे स्पष्टीकरण दुकानदार देतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही, कारण हाणामारी संकटाच्या कितीतरी आधीपासून होती.

आर्थिक देखरेखीचा काळ 20 ऑगस्ट 2018 रोजी संपला, पण कर्ज अद्याप देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दीडपट आहे. दरम्यान पिरेयसच्या बंदर प्राधिकरणाची मालकी कॉस्को या चिनी सरकारी कंपनीकडे गेली. आएकने अथेन्सच्या नेआ फिलाडेल्फिया या उपनगरात 2022 मध्ये नवे मैदान बांधले आणि त्याला कॉन्स्टॅन्टिनोपलच्या आयिया सोफिया या प्राचीन चर्चचे नाव दिले. 29 मे 2024 रोजी, म्हणजे 1453 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल तुर्कांच्या हाती पडल्याच्या तारखेलाच, त्या मैदानावर कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि ऑलिंपियाकोसने इटलीच्या फिओरेंतिनाला जादा वेळेत 1-0 असे हरवून ग्रीक क्लबने मिळवलेला पहिला युरोपीय चषक उचलला. दुकानदार त्यानंतर काही दिवस काफेनिओत फिरकले नाहीत. काकांनी मात्र त्यांच्या नावाची कॉफी रोज मागवून ठेवली आणि तिची पावती पेल्यात जमवली.

सध्याचा वाद वोतानिकोस या अथेन्सच्या भागाचा आहे. तेथे पानाथिनाइकोससाठी नवे मैदान उभे राहत आहे आणि त्या साऱ्या प्रकल्पात सार्वजनिक पैसा आहे. ऑलिंपियाकोस, आएक आणि पाओक प्रथमच एका बाजूला आलेले आहेत, आणि माझा हिशेबनीस मित्र आता मला काही सांगायचे झाले तर कार्यालयातच सांगून घेतो.