फिरदौसी रोडची महोगनी

फेब्रुवारी सरता सरता एका रविवारी डोंबिवलीहून पहाटेची स्लो पकडली आणि माटुंग्याला उतरलो. फास्टमध्ये बसू नका, सरळ दादर गाठाल. पूर्वेला बाहेर पडून आंबेडकर रोड ओलांडला, की दादर पारशी कॉलनी. या भागात रिक्षा नाहीत आणि एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले कुरकुरतात. पायीच बरं.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. त्यातले प्लॉट मध्यमवर्गीय पारशांना मिळवून दिले ते मंचेरजी जोशी या इंजिनिअरने. वर रस्त्यागणिक झाडही ठरवलं: फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. देशी झाडांचे कट्टर भक्त महोगनीला नाक मुरडतील. मुरडोत.

बहुतेकजण थेट फाइव्ह गार्डन्स गाठतात. मीही आधी दोनदा तेच केलं. बागा छानच आहेत, पण खरी मजा गल्ल्यांत, आणि ती सुद्धा मान वर करून. (खाली मुळांनी फुटपाथ उचललाय. मी एकदा सपशेल आपटलो. बूट घाला.)

महोगनीची पानगळ चालू होती. काही फांद्या उघड्या, तर काहींवर तांबूस कोवळी पालवी. खाली मुठीएवढी लाकडी फळं उकलून पडलेली. मधला दांडा पाच कंगोऱ्यांचा, बियांना तपकिरी पंख. एक बी वर उडवली, ती भिंगरीसारखी गरगरत खाली आली. दुसरी उडवणार तोच पिशवी घेऊन चाललेले एक बावाजी थांबले. "बी ले जाओ दिकरा, लेकिन फल तोडना नहीं. झाड हमारा है." हमारा! झाड महापालिकेच्या रस्त्यावर, पण मला वाद घालावासा वाटला नाही. पुढे एका बुंध्याला पेव्हर ब्लॉक अगदी गळ्यापर्यंत भिडवलेले दिसले, तेव्हा असे चार बावाजी प्रत्येक गल्लीत हवेत असं वाटलं.

बागांच्या बाजूला पर्जन्यवृक्ष आहेत. पिठ्या ढेकूण या किडीने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेले, त्यामुळे धडधाकट दिसला की मी अजूनही बुंध्याला हात लावून येतो. संध्याकाळी गेलात तर त्यांची पानं मिटताना दिसतील.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सातच्या आत पोचा. नंतर दुतर्फा गाड्या आणि क्रिकेट. गल्ल्यांत फिरायला आडकाठी नाही, मात्र अग्यारीत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही, आणि लोकांच्या गॅलऱ्यांचे फोटो काढू नका. पालवी बघायची तर फेब्रुवारी-मार्च, पीतमोहोराचा पिवळा सडा बघायचा तर एप्रिल-मे. वादळी पावसात झाडाखाली थांबू नका. परतताना किंग्ज सर्कलच्या बाजूला फिल्टर कॉफी घ्या; रविवारी साडेआठनंतर तिथे रांग लागते.